अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग: खेळाच्या शैलीतला फरक कशामुळे पडला आणि आज तो कितपत उरला आहे?

डोंबिवलीचे_सर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे आणि गेली अकरा वर्षे मुलींचा सॉफ्टबॉल संघ सांभाळतो आहे. बेसबॉल मात्र मी चाळिशी ओलांडल्यावर पाहू लागलो. न्यूयॉर्क-बॉस्टनकडचा संध्याकाळी सातचा सामना हंगामात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, त्यामुळे मुली सरावाला येण्याआधी माझ्या पाच-सहा इनिंग पाहून होतात.

अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉलमध्ये नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग आहेत. त्यांच्या जुन्या खेळाविषयी जे काही वाचनात येते, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली आढळते. नॅशनल लीगचा खेळ म्हणजे धावणे, बंट करणे (चेंडू जोरात न मारता बॅटने हलकेच पुढ्यात टाकणे) आणि एकेका धावेसाठी झगडणे. अमेरिकन लीगचा खेळ म्हणजे दोघे-तिघे बेसवर जमू द्यायचे आणि मग होमरनची, म्हणजे कुंपणापलीकडे मारलेल्या फटक्याची, वाट पाहायची. मला हे वर्णन जरा ढोबळ वाटत असे. पण गेल्या महिन्यात १९८२ च्या वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेचे, जुने चित्रीकरण पाहिले आणि मत बदलले. नॅशनल लीगच्या सेंट लुईस कार्डिनल्सने त्या हंगामात फक्त ६७ होमरन मारले होते आणि २०० बेस चोरले होते (चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला होता), तर त्यांच्यासमोर असलेल्या अमेरिकन लीगच्या मिलवॉकी ब्रुअर्सने २१६ होमरन मारले होते. दोन संघ जणू दोन निराळे खेळ खेळत होते, आणि सातव्या सामन्यात धावणाऱ्या संघाने ६-३ ने बाजी मारली.

आता अडचण अशी की अलीकडचे सामने पाहताना कोणता संघ कोणत्या लीगचा हे मला खेळावरून मुळीच ओळखता येत नाही. तेव्हा जाणकारांना विचारतो: हा फरक खरोखर लीगचा होता, की त्या दोन संघांचा? लीगचा असेल तर तो आला कुठून आणि गेला कुठे?

विचारण्यामागे एक घरगुती कारणही आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्या मुलीच्या) जागी दुसऱ्या मुलीला बॅटिंग देण्याची सोय आहे. आपण तिला डीपी (डेझिग्नेटेड प्लेअर) म्हणतो. यंदा मी ती वापरली. दोन सामन्यांनंतर आमची पिचर, आठवीतली मुलगी, डबा खाताना मला म्हणाली, ‘सर, मी बॅट हातात घेतली की तुम्हाला भीती वाटते का?’ मला उत्तर देता आले नाही. अमेरिकेत एका लीगने नेमका हाच नियम केला आणि दुसरीने जवळपास पन्नास वर्षे नाकारला, एवढे मला माहीत आहे. त्या नियमाने खेळाचे काय केले, हे समजून घेतल्याशिवाय मला पुढच्या सामन्याची यादी लिहावीशी वाटत नाही.

स्कोअरबुक_दादर

सर, नमस्कार. शिवाजी पार्क आणि आझाद मैदानावर क्रिकेटचे स्कोअरिंग करण्यात माझी तीस वर्षे गेली आणि बेसबॉलची गोडीही मला त्याच्या स्कोअरबुकामुळेच लागली. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते गोड मानून घ्यावे.

फरक खरा होता, आणि तो लीगचाच होता. आज आपण ज्यांना एकाच संस्थेच्या दोन शाखा समजतो, त्या शतकभर दोन स्वतंत्र संस्था होत्या. नॅशनल लीग १८७६ ची. अमेरिकन लीगने १९०१ मध्ये आपण बरोबरीची लीग आहोत असे जाहीर केले आणि जास्त पगार देऊन नॅशनल लीगचे खेळाडू आपल्याकडे ओढले. १९०३ मध्ये दोघींच्या विजेत्यांत पहिली वर्ल्ड सिरीज झाली खरी, पण दुसऱ्याच वर्षी नॅशनल लीगच्या न्यूयॉर्क जायंट्सने अमेरिकन लीगच्या विजेत्याशी खेळायला साफ नकार दिला. त्यानंतर समेट झाला, तरी अध्यक्ष वेगळे राहिले आणि अंपायरही वेगळे राहिले. हंगामातला प्रत्येक गुणाचा सामना आपापल्या लीगमध्येच होई. दोन लीगच्या संघांत हंगामी सामने सुरू झाले ते थेट १९९७ मध्ये, आणि अंपायरांचा ताफा एक झाला तो २००० मध्ये. दोन गावांमध्ये नदी असेल आणि पूल नसेल, तर बोली वेगळी होणारच.

आपल्याकडचे उदाहरण कांगा लीगचे घ्या. १९४८ पासून ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते. गवत वाढलेले आणि मैदान ओले, त्यामुळे जमिनीलगत मारलेला फटका सीमेपर्यंत पोहोचत नाही. म्हणून तिथे तयार झालेला फलंदाज चेंडू उचलून मारायला शिकतो. हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवत नाही, मैदान शिकवते. दोन लीगमधली शैलीही बरीचशी अशीच, परिस्थितीतून घडलेली आहे.

आधी अंपायरांचे सांगतो, कारण ही बाब फारशी कुणी लक्षात घेत नाही. अमेरिकन लीगचे होम प्लेटमागचे (बॅटर उभा राहतो तिथले) अंपायर छातीपुढे एक मोठी, उशीसारखी फुगीर ढाल हातात धरून उभे राहत. ती ढाल घेऊन फार वाकता येत नाही, म्हणून ते कॅचरच्या डोक्यावरून पाहत. नॅशनल लीगचे अंपायर कपड्यांच्या आत बसणारे संरक्षक घालत. ते कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत खाली वाकून बसत. आता उभा माणूस आणि वाकलेला माणूस यांना गुडघ्याजवळून गेलेला एकच चेंडू सारखा दिसणार नाही. त्यामुळे नॅशनल लीगमध्ये खालचा चेंडू स्ट्राइक (मारण्याजोगा चेंडू) ठरे, तर अमेरिकन लीगमध्ये वरचा. परिणामी पिचरांची टाकण्याची पद्धत बदलली आणि बॅटरांची मारण्याची सवयही बदलली. खालचा चेंडू बहुधा जमिनीवरून मारला जातो आणि वरचा हवेत उचलला जातो, एवढे लक्षात घेतले तरी पुढचे बरेचसे उलगडते. अमेरिकन लीगमध्ये नव्याने आलेल्या अंपायरांना ती मोठी ढाल मिळणे १९७० च्या दशकात बंद झाले. आधीपासून वापरणाऱ्यांनी ती १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वापरली.

आता मुख्य मुद्दा, डीएचचा (डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे पिचरच्या ऐवजी नेमलेला बॅटर). १९६८ चा हंगाम पिचरांनी गाजवला. सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने नऊ इनिंगमागे सरासरी १.१२ एवढ्याच धावा दिल्या आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम बॅटर कार्ल यास्त्रझेम्स्की अवघ्या .३०१ च्या सरासरीवर (हजार वेळा बॅट चालवून ३०१ हिट) पहिला आला. दुसऱ्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला, त्याने धावा वाढल्या, पण १९७२ पर्यंत अमेरिकन लीगमध्ये त्या पुन्हा आटल्या आणि प्रेक्षकही नॅशनल लीगपेक्षा कमी येत. जानेवारी १९७३ मध्ये अमेरिकन लीगच्या मालकांनी ८ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की पिचरच्या ऐवजी एक नेमलेला बॅटर खेळेल. ६ एप्रिल १९७३ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कवर यांकीज संघाचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच म्हणून प्लेटवर आला आणि बेस भरलेले असताना चार बॉलवर (मारण्याजोगे नसलेले चार चेंडू पडल्यावर) चालत पहिल्या बेसवर गेला. आदल्या वर्षी अमेरिकन लीगमधला संघ एका सामन्यात सरासरी साडेतीनच्या आसपास धावा करी. त्या वर्षी हा आकडा सव्वाचारच्या वर गेला.

पण धावांची संख्या हा त्यातला लहान भाग आहे. डोके कसे चालते, तो फरक मोठा आहे. स्कोअरबुक पुढ्यात आहे असे समजा आणि नॅशनल लीगची एक इनिंग जवळून पाहा. सातवी इनिंग चालू आहे, सामना २-२. आठव्या क्रमांकावरचा लेफ्ट फील्डर शेवटचा बाद झाला, म्हणजे पुढच्या इनिंगची सुरुवात नवव्या क्रमांकावरच्या पिचरने होणार. मॅनेजरला (संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला) पिचर तर बदलायचाच आहे. त्याने नवा पिचर आणून जुन्याच्याच जागी लिहिला, तर तो ताजा पण बॅटिंगला कच्चा माणूस पुढच्या इनिंगला सर्वांत आधी बॅट घेऊन उभा राहणार. त्याच्या जागी दुसरा बॅटर पाठवला, तर नुकताच आणलेला पिचर वाया जाणार. म्हणून मॅनेजर एकाच वेळी दोन बदल करतो. नवा पिचर आठव्या क्रमांकावर जातो, जो क्रमांक नुकताच खेळून गेला आहे, आणि नवा लेफ्ट फील्डर नवव्यावर येतो. आता पुढची इनिंग खरा बॅटर सुरू करील आणि पिचरची पाळी येण्याआधी आठ जण खेळून जातील. याला डबल स्विच म्हणतात. यासाठी जो लेफ्ट फील्डर बाहेर गेला तो परत येऊ शकत नाही, आणि बाकावरचा एक माणूस खर्ची पडला. म्हणजे प्रत्येक निर्णयाची किंमत दोन इनिंगनंतर मोजावी लागते.

अमेरिकन लीगच्या मॅनेजरला हा हिशेब करावाच लागत नसे. पिचर थकला की बदलायचा, न थकला तर ठेवायचा. म्हणूनच डीएच आल्यावर तिथल्या पिचरांनी पूर्ण नऊ इनिंग टाकण्याचे प्रमाण वाढले. बॅटिंगसाठी त्यांना काढायचे कारणच उरले नव्हते. उलट नॅशनल लीगमध्ये आठव्या क्रमांकाच्या बॅटरला मुद्दाम चालत बेसवर पाठवून नवव्या पिचरला गाठायचे, आणि पिचरने बंट करून पुढच्या धावपटूला दुसऱ्या बेसवर ढकलायचे, हे रोजचे होते. एकेका धावेला तिथे जी किंमत होती ती यातून आली.

पार्ल्याची_ताई

स्कोअरबुक काकांनी डबल स्विच इतका छान समजावला आहे की मला त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मात्र सरांच्या मूळ प्रश्नातला सामना, म्हणजे १९८२ चा, डीएचमुळे तसा झाला हे मला पटत नाही. नोकरीमुळे मी चार वर्षे सेंट लुईसला राहिले होते आणि तिथल्या जुन्या प्रेक्षकांशी याच विषयावर माझे कितीतरी वेळा बोलणे झाले आहे.

त्या काळी वर्ल्ड सिरीजमध्ये सम वर्षी सगळ्या सामन्यांत डीएच असे आणि विषम वर्षी एकाही सामन्यात नसे. १९८२ सम होते. म्हणजे ज्या मालिकेत सरांना दोन निराळे खेळ दिसले, तिथे दोन्ही संघ एकाच नियमाने खेळत होते. इतकेच नव्हे, सेंट लुईसचा डीएच डेन आयोर्ग त्या मालिकेत .५२९ च्या सरासरीने खेळला. तेव्हा धावणारा संघ धावत होता त्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे.

माझ्या मते पहिले कारण पायाखालचे. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये १९६६ साली कृत्रिम गवत आले आणि १९७० च्या सुमारास सेंट लुईस, सिनसिनाटी, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया यांनी ते अंथरले. पुढे माँट्रियलनेही तेच केले. १९८० च्या दशकात नॅशनल लीगच्या बारापैकी सहा मैदानांवर ते होते, अमेरिकन लीगमध्ये मात्र चौदापैकी चारच ठिकाणी. त्या गवताखाली काँक्रीटसारखी कडक जमीन असे. चेंडू टणकन उसळून फील्डरांच्या मधून सुटे आणि कुंपणापर्यंत सरपटत जाई. तिथे पायात वेग असलेला माणूस सोन्याच्या मोलाचा. शिवाय ही नवी मैदाने गोल आणि विस्तीर्ण होती. याउलट अमेरिकन लीगमध्ये बॉस्टन आणि डेट्रॉइटची १९१२ मधली जुनी मैदाने टिकून होती. फेनवे पार्कची डावीकडची भिंत ३७ फूट उंच असली तरी प्लेटपासून ३१० फुटांवर आहे. अशा मैदानावर संघ बांधणारा माणूस धावपटू कशाला शोधेल?

याचा पुरावा म्हणजे मॅनेजर व्हाइटी हर्झोग. १९८२ चा सेंट लुईस संघ त्यांनीच बांधला होता, आणि १९८५ मध्ये त्याच संघाने ३१४ बेस चोरले, त्यांतले ११० एकट्या व्हिन्स कोलमनने. पण हर्झोग त्याआधी कॅन्सस सिटीत होते, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये, आणि तिथल्या कृत्रिम गवतावरही त्यांनी धावणाराच संघ उभा केला होता. लीग बदलली, मैदानाची जात तीच राहिली आणि खेळही तोच राहिला. आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही: १९७६ मध्ये ३४१ बेस चोरणारा ओकलंड संघ अमेरिकन लीगचा होता, आणि १९८२ मध्ये १३० बेस चोरणारा रिकी हेंडरसनही त्याच संघाचा होता.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि ते मैदानाच्या बाहेरचे आहे. कृष्णवर्णीयांना बंद असलेले दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनकडून, म्हणजे नॅशनल लीगमध्ये, उतरला. अमेरिकन लीगमध्ये लॅरी डोबी त्याच वर्षी जुलैत क्लीव्हलंडकडून आला. पण पुढची पंधरा वर्षे कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेण्याबाबत नॅशनल लीग बरीच पुढे राहिली. विली मेज, हँक आरन, अर्नी बँक्स, फ्रँक रॉबिन्सन, रॉबर्टो क्लेमेंटे हे सगळे तिकडचे. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा मान नऊ वेळा कृष्णवर्णीय खेळाडूला मिळाला. अमेरिकन लीगमध्ये असे पहिल्यांदा घडले ते १९६३ मध्ये, एल्स्टन हॉवर्डच्या रूपाने. बॉस्टनने तर आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५९ मध्ये मैदानात उतरवला. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमधल्या खेळात बेस चोरणे, बंट आणि एक जादा बेस हिसकावून घेणे याला मोठे स्थान होते, आणि हे खेळाडू ती धाडसाची पद्धत बरोबर घेऊन आले. ज्या लीगने दार आधी उघडले, तिचा खेळ आधी बदलला. १९६३ ते १९८२ या वीस वर्षांत दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंमधला ऑल-स्टार सामना नॅशनल लीगने एकोणीस वेळा जिंकला, त्यालाही हाच काळ आणि हेच खेळाडू कारण आहेत. ‘नॅशनल लीगची हुशारी’ असे म्हणून ही गोष्ट झाकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माहीमचा_मधला_यष्टी

क्रिकेटवाल्यांना हा वाद नवा नाही. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर आला आणि २०२४ मध्ये आपल्या रोहित शर्मानेच जाहीरपणे सांगितले की हा नियम त्याला आवडत नाही, कारण शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदरसारख्यांना त्यामुळे बोलिंग मिळत नाही. ज्याला एकच काम करायचे आहे, तो दुसरे शिकत नाही. याउलट फेब्रुवारी २०२४ मध्ये बीकेसीच्या मैदानावर बडोद्याविरुद्धच्या रणजी सामन्यात मुंबईच्या दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाने काय केले ते आठवा. तनुष कोटियन नाबाद १२०, तुषार देशपांडे १२३, शेवटच्या विकेटसाठी २३२ धावा! त्यांच्या जागी कुणी नेमलेला फलंदाज असता तर हे पाहायला मिळाले नसते.

स्कोअरबुक_दादर

ताई, तुमचा आक्षेप मान्य. १९८२ च्या मालिकेत दोन्हीकडे डीएच होता ही गोष्ट माझ्या उत्तरात यायलाच हवी होती, आणि रॉबिन्सन-मेज यांच्या पिढीविषयी तुम्ही लिहिले आहे त्यातला शब्दन्‌शब्द मला पटतो. वेग कुठून आला याचे उत्तर तुमचे बरोबर आहे. मी जे सांगत होतो ते बाकावरच्या माणसांच्या वापराविषयी, बंटविषयी आणि मॅनेजरच्या हिशेबाविषयी आहे. ते डीएचशिवाय समजत नाही.

अमेरिकन लीगमध्ये डोके चालवत नसत, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. बाल्टिमोरचे मॅनेजर अर्ल वीव्हर बंटवर फारसा विश्वास ठेवत नसत, कारण एका बेससाठी एक बाद देणे त्यांना महाग वाटे; पण कोणता बॅटर कोणत्या पिचरपुढे कसा खेळला आहे याच्या नोंदी कार्डांवर ठेवून त्यावरून ते संघ निवडत. संगणक येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. त्यांचा हिशेब सामन्याआधी होई, नॅशनल लीगवाल्यांचा सामन्यात.

मधल्या भावाला एवढेच सांगतो की तुलना अगदी चपखल नाही. कोटियन आणि देशपांडे यांच्या मागे लहानपणापासूनची बॅटिंग आहे, कारण क्रिकेटमध्ये अकराही जणांना ती करावीच लागते. बेसबॉलमध्ये कॉलेजात आणि खालच्या लीगमध्ये बहुतेक पिचरांच्या हातून बॅट केव्हाच सुटलेली असे, आणि मग अचानक नॅशनल लीगमध्ये त्यांना उभे केले जाई. २०२१ मध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षी, शंभर वेळा बॅट चालवून पिचरांना जेमतेम अकरा हिट मिळत होते. हे पाहून प्रेक्षक जागेवरून उठून खायला आणायला जात, तर त्यांना दोष देता येत नाही.

पार्ल्याची_ताई

अगदी. आणि त्यात दुखापतीची भीती. मी सेंट लुईसला होते त्या शेवटच्या वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, आमचा मुख्य पिचर ॲडम वेनराइट मिलवॉकीत बॅटिंग करताना प्लेटवरून निघाला आणि त्याच्या टाचेमागची शीर तुटली; जवळपास सगळा हंगाम गेला. त्या आठवड्यात आमच्या कार्यालयात दुसरा विषय नव्हता. तरीही आमच्या शेजारचे आजोबा म्हणायचे की पिचरने बॅट घ्यायलाच हवी. मैदानावर ते मांडीवर स्कोअरकार्ड ठेवून बसत आणि सहाव्या इनिंगपासून पेन्सिलीने समासात आकडे मांडत: पिचर किती जणांनंतर येणार, बाकावर डावखुरा कोण उरला आहे. मॅनेजर बाहेर यायच्या आधी ते मला सांगत, ‘आता दोन बदल होणार.’ एकदा तसे घडले तेव्हा त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरले आणि दोन नावांमध्ये काढलेला बाण दाखवला. त्यांचा आनंद होमरन पाहिल्यासारखा होता. मे २०१६ मध्ये पिचर बार्टोलो कोलोनने वयाच्या ४२ व्या वर्षी सॅन डिएगोत आयुष्यातला पहिला होमरन मारला, तेव्हा मी मुंबईत परतले होते. पहिला संदेश मी त्या आजोबांच्या मुलीला पाठवला.

डोंबिवलीचे_सर

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमच्या उत्तराने माझी मोठी चूक दुरुस्त झाली. मी नियमाकडेच पाहत बसलो होतो. आता एक शंका. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये डीएच आला, कृत्रिम गवतही बहुतेक ठिकाणी गेले, अंपायर एक झाले. मग फरक काहीच उरला नाही, असे समजायचे का? आणि पिचर बॅटिंग करतो असा वरच्या दर्जाचा खेळ आज कुठे पाहायला मिळतो का?

स्कोअरबुक_दादर

लीगचा म्हणावा असा फरक उरलेला नाही, सर. नियम २०२० च्या छोट्या हंगामात तात्पुरता आला, २०२१ मध्ये परत गेला आणि २०२२ पासून कायमचा झाला. डबल स्विच जवळपास संपला, पिचरचा बंट तर संपलाच. २०२३ पासून प्रत्येक संघ दुसऱ्या लीगच्या प्रत्येक संघाशी हंगामात खेळतो. पूल नुसता झाला नाही, त्यावर दिवसभर वर्दळ असते.

त्याआधीच माणसांची आणि संघांचीही ये-जा सुरू झाली होती. सरांनी १९८२ मध्ये पाहिलेला मिलवॉकी संघ १९९८ मध्ये नॅशनल लीगमध्ये गेला, आणि आज तोच संघ चेंडू बॅटला लावणे आणि बेस चोरणे यांसाठी ओळखला जातो. २०२५ मध्ये या खेळाच्या जोरावर त्याने हंगामात ९७ सामने जिंकले, दोन्ही लीग मिळून सर्वांत जास्त. उलट ह्यूस्टन २०१३ मध्ये अमेरिकन लीगमध्ये गेले. धावणेही परत आले आहे, पण दोन्हीकडे सारखेच: २०२३ मध्ये बेसची उशी १५ इंचांवरून १८ इंचांची केली आणि पिचरने धावपटूकडे चेंडू फेकण्यावर मर्यादा आणली, तेव्हा चोरलेल्या बेसची संख्या एका वर्षात २,४८६ वरून ३,५०३ वर गेली. आज शैली ओळखायची असेल तर संघ आणि मैदान पाहावे लागते, लीग नव्हे.

तुमच्या मुलीला मात्र शोहेई ओहतानीविषयी जरूर सांगा. पिचर आणि बॅटर ही दोन्ही कामे तो करतो. २०२२ मध्ये नियमात खास भर घालावी लागली, ती अशी की सामना सुरू करणारा पिचरच स्वतःचा डीएचही असेल तर पिचिंगवरून बदलल्यावरही तो बॅटिंग करत राहू शकतो. त्याने अमेरिकन लीगमध्ये २०२१ आणि २०२३ साली सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. २०२४ मध्ये नॅशनल लीगच्या लॉस एंजेलिस डॉजर्सकडे आल्यावर शस्त्रक्रियेमुळे त्याला पिचिंग करता येत नव्हते, म्हणून वर्षभर तो फक्त डीएच होता. त्या वर्षी त्याने ५४ होमरन मारले आणि ५९ बेसही चोरले. सर, १९८२ मध्ये तुम्ही पाहिलेले दोन्ही खेळ एकाच माणसात.

दुपारचा_प्रेक्षक_बोरिवली

सरांच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर: जपान. तिथेही दोन लीग आहेत. पॅसिफिक लीगने १९७५ मध्ये डीएच घेतला, तर योमिउरी जायंट्स आणि हानशिन टायगर्स ज्या सेंट्रल लीगमध्ये आहेत, तिने तो अर्धशतक नाकारला. तिथेही अमेरिकेसारखाच वाद झाला. २०१३ ते २०२० अशी सलग आठ वर्षे जपान सिरीज पॅसिफिकच्या संघाने जिंकली. २०१९ आणि २०२० मध्ये तर सॉफ्टबँक हॉक्सने योमिउरीला एकही सामना जिंकू दिला नाही. दर आठवड्याला नऊ खऱ्या बॅटरांशी झुंजून पॅसिफिकचे पिचर तयार होतात, हे त्यामागचे कारण तिथे पुष्कळ जण देतात. आता सेंट्रल लीगनेही २०२७ पासून डीएच घेण्याचे ठरवले आहे. तेव्हा ज्यांना पिचरचा बंट पाहायचा आहे त्यांनी त्याआधीचे सामने पाहून घ्यावेत. संध्याकाळी सहाचा सामना आपल्याकडे दुपारी अडीचला लागतो. पहाटे उठावे लागत नाही.

डोंबिवलीचे_सर

काल सरावानंतर मी मुलींना डबल स्विच खडूने जमिनीवर काढून दाखवला. काकांचे उदाहरण जसेच्या तसे वापरले. सॉफ्टबॉलमध्ये बदललेली खेळाडू एकदा परत येऊ शकते, त्यामुळे आमच्याकडे ते गणित तितके कठोर नाही, पण मुलींना ते फार आवडले. ओहतानीविषयीही सांगितले, आणि जॅकी रॉबिन्सनविषयी सर्वांत जास्त वेळ सांगितले.

रविवारच्या मैत्रीपूर्ण सामन्यात डीपी नाही. आमच्या पिचरचे नाव मी नवव्या क्रमांकावर लिहून यादी फळ्यावर लावली. तिला आनंद होईल असे वाटले होते. तिने शांतपणे यादी वाचली, मग आठव्या नावावर बोट ठेवून विचारले, ‘सर, ही पहिल्या बेसवर असली आणि एकच जण बाद असला, तर मी बंट करायचा की मारायचे?’